आमच्या वाटेत नसलेला समुद्र

नागपूरला समुद्र नाही, ही बातमी मुंबईच्या माणसांनी मला इतक्या वेळा दिली आहे की आता मी त्यांनाच विचारते, "हो का? कधी गेला?" माझा धंदा समुद्रापलीकडे माल पाठवण्याचा. तो मी नागपुरात बसून करते. माझं घर प्रताप नगरात आहे आणि आमच्या गच्चीवरून शेजाऱ्यांच्या पाण्याच्या टाक्या सोडून दुसरं पाणी दिसत नाही. तरी इथला तांदूळ, इथलं सूत, इथलं लोखंड मी कुठेकुठे धाडलंय. साठी उलटली आहे, पण निवृत्तीचा विषय काढणाऱ्याला मी चहा विचारत नाही.

धंदा काय, ते आधी सांगते, कारण माझ्या सख्ख्या नणंदेलाही तो अजून कळलेला नाही. कारखानदार माल बनवतो. त्याच्या दारातून तो उचलायचा ट्रेलर एकाचा, पुढे न्यायची मालगाडी दुसऱ्याची, जहाज तिसऱ्याचं, आणि ज्या लोखंडी कंटेनरमध्ये तो भरायचा तोही जहाज कंपनीचाच. या मंडळींचं एकमेकांशी धड बोलणं नसतं. त्यांची मोट बांधायची आणि इथल्या दारातला माल परदेशातल्या दारात नेऊन ठेवायचा, हे माझं काम. यात माझ्या मालकीचं काहीच नाही. फोन आहे, आणि आवाज आहे. आवाज मोठा आहे.

कंटेनरला आम्ही डबा म्हणतो. रिकामा डबा आला की मी स्वतः आत शिरते, दारं बाहेरून लावून घ्यायला सांगते आणि अंधारात उभी राहते. छताला, भिंतीला कुठे बारीकसं छिद्र असेल तर उन्हाचा ठिपका लगेच दिसतो. ठिपका दिसला की डबा परत. जिथून ऊन येतं तिथून खारं पाणीही येतं. सुरुवातीला डेपोतले हमाल बाहेर उभे राहून हसायचे, "बाई आत काय करून राहिली गा?" नागपूरच्या मे महिन्यात त्या लोखंडी भट्टीत उभं राहायची हौस मला नव्हती. पण माल माझ्या भरवशावर जाणार होता, म्हणून शिरले. अजूनही शिरते.

भाडं कसं ठरतं याबद्दल लोकांच्या फार गमतीशीर समजुती असतात. जरीपटक्याच्या एका चादरीवाल्या शेठना मी सांगून बसले की समुद्रावर भाडं डब्याचं असतं, तुम्ही तो अर्धा भरा की पूर्ण. माल भरायच्या दिवशी पाहते तर चादरींच्या गठ्ठ्यांशेजारी एक लोखंडी कपाट, एक शिलाई मशीन आणि लोणच्याच्या बरण्या. मुलगी दुबईला दिली होती, तिच्यासाठी. "डब्बा तो अपना ही है ना मॅडम, जगह काहे को खाली छोडना?" कागदावर फक्त चादरी लिहिल्यात, कपाट पाहून कस्टमवाले मला आत टाकतील, हे त्यांना पटवायला अर्धी दुपार गेली. कपाट उतरवलं तेव्हा ते माझ्याशी बोलले नाहीत. मुलीच्या नवऱ्याला मात्र फोन करून माझ्या नावाने पुष्कळ बोलले.

अंतराचंही तसंच. समुद्रावर अंतराला लोक समजतात तेवढी किंमत नाही. एका जहाजावर हजारो डबे चढतात, त्यामुळे एकाच्या वाट्याला खर्च थोडा येतो. नागपूरहून बंदरापर्यंत डबा जमिनीवरून न्यायला जे लागतं, तेवढ्यात तो कधीकधी समुद्र ओलांडून पलीकडे उतरतो. भाड्याची खरी मेख वेगळीच आहे. तुम्ही नागपुरातून खापरखेड्याला ऑटो करा. ऑटोवाला म्हणेल, तिकडून वापसीची सवारी भेटत नाही, दोन्हीकडचे द्या. जहाज कंपनीही तेच म्हणते, फक्त इंग्रजीत म्हणते. डबा जातो कुठे हे ती विचारतेच, पण त्याआधी तिला हवं असतं ते हे, की तो परत कधी येतो आणि भरून येतो की रिकामा.

हे सगळं सांगायचं कारण म्हणजे खापरखेड्याचे मेश्राम.

मेश्रामांचे वडील तिथल्या वीज केंद्रात कामगार होते. मेश्राम वसाहतीतच वाढले, आयटीआय झाले आणि गावात छोटं वर्कशॉप काढलं. कोळसा दळायच्या चक्क्यांचे भाग झिजतात, ते नवे करून द्यायचे. बरी वर्षं गेली. मग तशी कामं एकगठ्ठा मोठ्या ठेकेदारांकडे जाऊ लागली आणि मेश्रामांच्या लेथवर धूळ बसायला लागली. अशात त्यांना आफ्रिकेतल्या दार-एस-सलामजवळच्या एका सिमेंट कारखान्याची ऑर्डर मिळाली. दगड दळायच्या चक्कीचे रोलर. आयुष्यातली पहिली परदेशी ऑर्डर.

अट एकच होती, पण जीवघेणी होती. सिमेंटची भट्टी वर्षातून एकदा दुरुस्तीसाठी थंड करतात आणि चक्की तेव्हाच उघडता येते. रोलर तोवर पोचले नाहीत तर कारखाना जुनेच रोलर परत बसवणार आणि ऑर्डर रद्द. मेश्रामांनी उसनवारी करून पोलाद आणलं होतं. कामगारांपासून काही लपवलं नव्हतं. हा माल वेळेत पोचला तर वर्कशॉप चालेल, नाही तर शटर खाली, असं सगळ्यांना बसवून सांगितलं होतं.

"जयभीम ताई," म्हणत ते माझ्या ऑफिसात आले आणि खुर्चीच्या अगदी कडेवर बसले. "मले समुद्राचं काही समजत नाही. तुमीच करून द्या."

आणि वेळ तर कशी! तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झालेले. युरोपला जाणाऱ्या जहाजांनी ती जवळची वाट सोडली आणि सगळ्या आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली. जहाज जास्त दिवस पाण्यात, म्हणजे त्यावरचे डबेही जास्त दिवस पाण्यात. जे डबे परतून पुन्हा भरले गेले असते ते अजून वाटेतच. त्यामुळे जगात डबे होते तेवढेच असूनही सगळीकडे टंचाई पडली. आणि नागपूर तर रांगेत शेवटी. इथे परदेशातून भरून येणारे डबे कमी, त्यामुळे आम्हाला रिकामे डबे बंदरावरून मागवावे लागतात.

मी जहाज कंपनीच्या मुंबई ऑफिसला फोन लावला. तिथल्या बुकिंगवाल्याला आपण सामंत म्हणू.

"आफ्रिकेला डबा नाही, मॅडम," सामंत म्हणाले. "तिकडे गेलेला डबा परत आणायचा म्हणजे देवाला नवस बोलावा लागतो. आणि तुम्ही नागपूर. तिथे तर समुद्रच—"

"ठाऊक आहे," मी म्हटलं आणि फोन ठेवला.

रागाचा एक फायदा असतो, माणूस चालायला लागतो. चालता चालता डोक्यात आलं, अडचण डबा जाण्याची नाही, परत येण्याची आहे. मग परतीची सवारी मीच शोधली तर? दार-एस-सलामहून नागपूरला काय येतं? सागवान येतं! आमच्या लाकूडबाजारात, लकडगंजात, जाऊन नुसता श्वास घेतला तरी कळतं. तिथले मावजीभाई वर्षानुवर्षं त्याच बंदरातून सागाचे ओंडके मागवतात. पण ते दुसऱ्या जहाज कंपनीने, मुंबईच्या दलालामार्फत.

मावजीभाई आरागिरणीच्या आवाजातच बोलतात, त्यामुळे आमचं दोघांचं बरं जमतं. मी ओरडून सांगितलं, यावेळचा साग या डब्यांतून आणा. जाताना लोखंड, येताना लाकूड. डबा नागपुरातून निघून नागपुरातच परत.

"ताई, मेरा एजंट पुराना है," ते ओरडले. "तुम्हारे लोहे के वास्ते मैं अपनी लकडी क्यू फसाऊं?"

"कारण तुमची लाकडं आज तिकडच्या बंदरावर अडकून पडलीयेत, डबे नाहीत म्हणून. मेश्रामांचे डबे तिकडे रिकामे होतील. ते तुमचेच."

त्यांनी गिरणी थांबवायला सांगितली. त्या बाजारात गिरणी थांबवणं म्हणजे गंभीर गोष्ट. मग हळू आवाजात म्हणाले, "लकडी सीधी नागपूर आएगी?"

"सीधी नागपूर."

सामंतांना मी दुसरा फोन केला तो अगदी गोड आवाजात. नागपूर ते दार-एस-सलाम लोखंड, दार-एस-सलाम ते नागपूर सागवान, रिकामा प्रवास शून्य, बोला. पलीकडे काही वेळ फक्त कीबोर्डचा आवाज आला. भाडं ठरलं, जहाज ठरलं, ईमेलवर पक्कं झालं. डबे आले. मी आत शिरून अंधारात उभी राहिले, कुठे ठिपका नाही. मेश्रामांच्या माणसांनी रोलर लेकरांसारखे गुंडाळून आणले होते. तेल लावून, कापड बांधून, लाकडी ठोकळ्यांत घट्ट बसवले. सील लागलं. आता फक्त मालगाडीवर चढायचं होतं.

तेव्हा सामंतांचा ईमेल आला. तांबड्या समुद्रातल्या परिस्थितीमुळे प्रत्येक डब्यावर वाढीव अधिभार. तो भरल्याशिवाय डबे गाडीवर चढवू नयेत अशी डेपोला सूचना गेली आहे.

मेश्राम समोरच बसले होते. रक्कम ऐकली तसा त्यांचा चेहरा उतरला. त्यांना या मालात जे सुटणार होतं ते जवळजवळ सगळं त्यात जात होतं. तरी म्हणाले, "देऊन टाकू ताई. दुसरा उपाय हाये काय? माल गेला पाह्यजे."

माझ्या टेबलावरच्या काचेखाली जगाचा नकाशा आहे. मी म्हटलं, "भाऊ, इकडे या. हे आपलं बंदर. हे दार-एस-सलाम. आता बोटाने जा बरं."

त्यांचं जाड, तेलाने काळवंडलेलं बोट मुंबईखालून निघालं आणि खाली तिरकं जात आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्याला लागलं.

"आता तांबडा समुद्र शोधा."

शोधला. तो वर होता. त्यांच्या बोटाच्या वाटेपासून पार बाजूला.

मेश्रामांनी वाकून बोट पुन्हा त्याच वाटेने फिरवलं. मग उभे राहिले. "म्हणजे आपलं जहाज तिकून जातच नाही?"

"नाही."

"मंग हे कायचे पैसे? मी वर्धेले जाऊन राहिलो आणि हा मले जबलपूरच्या रोडचा टोल मागून राहिला?"

मी प्रामाणिकपणे सांगितलं की टंचाईचा थोडा भार सगळ्यांवर येतो, भाडी चढलेलीच आहेत, आणि आपण ठरवलेलं भाडंही चढलेलंच आहे. ते आपण कबूल केलं. पण हा वेगळा अधिभार त्या वाटेने जाणाऱ्या जहाजांचा आहे. आमच्या डब्यांवर तो लावला कारण डबे सील झाले होते आणि भट्टी थंड व्हायची तारीख जवळ आली होती. अडला हरी, दुसरं काय.

"तुम्ही म्हणाल तसं," मी म्हटलं. "माल तुमचा आहे. भरायचे असतील तर आत्ता भरू. भांडायचं असेल तर मी भांडीन, पण आजची गाडी चुकेल, आणि पुढचं मला सांगता येत नाही."

हे म्हणताना मला भीती वाटली. भांडण माझं आणि मान त्यांची, असा हा मामला होता. भांडायला मला आवडतं, हे मला माहीत आहे. म्हणून तर मी निर्णय त्यांच्यावर सोडला.

मेश्राम खिडकीपाशी गेले. तिथून काही दिसत नाही, समोरच्या इमारतीचे कूलर दिसतात. ते वळले आणि म्हणाले, "माझा बाप केंद्रात राखेत काम करून मेला, पण फुकटचा पैसा त्यानं कोणाले देल्ला नाही आन् कोणाचा घेतला नाही. नाही द्यायचे."

गाडी गेली. आमचे डबे डेपोत राहिले.

त्या संध्याकाळी घरी आमच्या ह्यांनी विचारलं, "काहून वं, लोकांच्या डब्यासाठी तू कायले डोकं फोडून राहिली?" पाण्यात राहून माशाशी वैर करू नये, असं त्यांचं म्हणणं. मी म्हटलं, मी पाण्यात राहतच नाही, नागपुरात राहते.

मावजीभाईंना सगळं सांगितलं. ही कंपनी ठरल्या शब्दाला जागत नसेल तर तुमचा सागही हिच्या हवाली करू नका, एवढंच म्हटलं. त्यांनी आरागिरणी पुन्हा थांबवली. मग माझ्यासमोर सामंतांना फोन लावून त्यांच्या खास आवाजात विचारलं, "साहब, मेरी लकडी भी तुम्हारा जहाज कहीं और घुमा के लाएगा क्या? फिर उसका भी टोल लगेगा?" पुढे असंही म्हणाले, की लकडगंजात त्यांच्यासारखे बरेच आहेत आणि सगळे एकाच टपरीवर चहा पितात. परतीचे डबे रिकामे आणावे लागतील, हे सामंतांना तेव्हा कळलं. अधिभार मागे घेतल्याचा ईमेल आला, एका ओळीचा, 'विशेष बाब म्हणून'.

पण पुढच्या मालगाडीने जहाज चुकलं असतं. डबे ट्रेलरवर टाकून समृद्धी महामार्गाने काढावे लागले. आणि आता खरी गंमत ऐका. ट्रेलरचं जादा भाडं जवळजवळ त्या अधिभाराएवढंच झालं! मी ते मेश्रामांना कसं सांगावं या विचारात होते, तर त्यांनी स्वतःच हिशेब केला होता.

"तेवढेच गेले नं ताई."

"गेले, भाऊ."

"जाऊ द्या. हा बिचारा गाडी चालवून राहिला." ट्रेलरवाल्याच्या खांद्यावर हात ठेवून ते केबिनमध्ये चढले आणि बंदरापर्यंत त्याच्याबरोबर गेले. मालावर त्यांचा जीव होता, माझ्यावरही पूर्ण भरवसा नव्हता, आणि समुद्र पाहायचा होता. परत आल्यावर मी विचारलं, पाहिला का? म्हणाले, "गेटावरच अडवलं. भल्ली मोठी भिंत पाह्यली."

डबे जहाजावर चढले. भट्टी थंड असतानाच रोलर कारखान्यात पोचले. चक्की सुरू झाल्याचा व्हिडिओ तिकडून आला तो मेश्रामांनी वर्कशॉपमध्ये सगळ्यांना दाखवला. मीही गेले होते. घरघर नुसती, बाकी काही नाही, पण ते लोक ती घरघर एखादं गाणं ऐकावं तशी पुन्हापुन्हा ऐकत होते. एकाने डोळे पुसले आणि लगेच धुळीला शिव्या दिल्या. मला रडू आलं, मी धुळीचं नाव सांगितलं नाही.

मावजीभाईंनीही शब्द पाळला. सागवान त्याच डब्यांतून सरळ नागपूरला आलं.

हा विजय फुकट मिळाला नाही, तेही सांगायला हवं. त्या कंपनीने माझ्या चौकशांना उत्तरं देणं बंद केलं. बाजारात बातमी फिरली की ही बाई भांडखोर आहे, हिच्याकडून माल पाठवला तर जहाजवाले अडवतात. माझी दोन जुनी, मोठी गिऱ्हाइकं गेली. त्यांच्या घरच्या लग्नामुंजींत मी जेवले होते. त्याचं वाईट वाटलं, अजून वाटतं. आता तर म्हणतात, ॲप उघडा, भाडं कळतं, एजंट कशाला? उघडा बापडे. ॲप तुम्हाला भाडं सांगेल, तुमच्यासाठी लकडगंजात जाऊन ओरडणार नाही.

आम्ही तिघांनी मात्र ती फेरी सोडली नाही. दुसऱ्या एका जहाज कंपनीला ती दिली. खापरखेड्याचं लोखंड जातं, तिकडचा साग येतो. मेश्रामांकडे त्या कारखान्याच्या शेजारच्या कारखान्याचीही ऑर्डर आली. लेथ दोन पाळ्यांत चालते.

यंदा उन्हाळ्यात जुन्या कंपनीचा नवा साहेब स्वतः नागपुरात आला. माझ्या ऑफिसात, कूलरसमोर, घाम पुसत बसला. मेश्राम कामासाठी आलेलेच होते. साहेब चांगला होता, गोड बोलणारा. म्हणाला, झालं गेलं विसरून जाऊ. मॅडम, तुम्ही एक सॉरी म्हणा, म्हणजे वरच्यांचा मान राहील, आम्ही खातं पुन्हा उघडतो.

मी म्हटलं, "खापरखेड्याला चला. तिथे लेथवर माणसं उभी आहेत. आम्ही भांडलो याची क्षमा त्यांच्यासमोर मागायची का, ते त्यांना विचारू."

तो हसला, त्याला वाटलं मी थट्टा करतेय. मग पाण्याचा ग्लास संपवून मुद्द्यावर आला. दार-एस-सलामला सध्या त्यांच्याकडे भरपूर डबे आहेत, जहाजात जागा आहे. भाडं सांगू का? मी म्हटलं, सांगा. त्याने सांगितलं. एकच आकडा, त्यात सगळं आलं, वर काही नाही. मी तो त्याला दुसऱ्यांदा सांगायला लावला. आकडा चांगला होता.

माल माझा नव्हता, म्हणून मी मेश्रामांकडे पाहिलं. ते आता खुर्चीत पाठ टेकून बसतात.

"पाहू नं साहेब," मेश्राम म्हणाले. "तुमच्याकडं डबे हायेत, माझ्याकडं माल हाये. आता घाई कोणाले हाये?"